देवळालीचा ताप : एका इंग्रजी शब्दाची मराठी जन्मकथा

जुन्या इंग्रजी प्रवासवर्णनांत आपल्या पनवेलचे नाव अनेकदा शेवटी दोन ‘एल’ लावून लिहिलेले आढळते. मुंबईहून होडीत बसायचे, खाडीतून पनवेल बंदरात उतरायचे आणि तेथून बोरघाट चढून पुण्याकडे जायचे, हा रेल्वेपूर्व काळातील प्रघात होता. मारिया ग्रॅहम ही इंग्रज लेखिका १८०९ साली याच बाजूने कार्ल्याची लेणी पाहावयास गेली होती. त्या काळच्या लेखकांनी ‘पनवेल’ हे नाव कानांनी ऐकले, पण लिहिताना शेवटचे ‘वेल’ त्यांनी आपल्या भाषेतील विहिरीच्या स्पेलिंगात बसवून टाकले. मराठी माणसाला ज्या नावात वेल दिसतो, त्या नावात इंग्रजाला विहीर दिसली!

परका शब्द आपल्या ओळखीच्या शब्दाच्या साच्यात ओतून घेण्याच्या या प्रवृत्तीला भाषेचे अभ्यासक ‘हॉब्सन-जॉब्सन’ असे गमतीदार नाव देतात. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांनी १८८६ साली प्रसिद्ध केलेल्या अँग्लो-इंडियन शब्दकोशाचे हेच नाव आहे. मोहरमच्या मिरवणुकीतील ‘या हसन, या हुसेन’ हा शोकाचा पुकारा गोऱ्या शिपायांच्या कानी पडला आणि त्यांच्या जिभेवर त्याचे ‘हॉब्सन-जॉब्सन’ झाले. पनवेलच्या बाबतीत हा प्रकार स्पेलिंगपुरताच राहिला आणि पुढे विसरलाही गेला. महाराष्ट्रातील आणखी एका गावाच्या नावाचे मात्र तसे झाले नाही. त्याचे रूप बदलले, त्याला निराळाच अर्थ चिकटला आणि ते इंग्रजी शब्दकोशात एक सामान्य शब्द म्हणून जाऊन बसले. ते गाव म्हणजे नाशिकजवळची देवळाली, आणि तो शब्द म्हणजे ‘डूलॅली’.

हा शब्द आपल्याकडे इंग्रजी माध्यमात शिकलेल्यांनाही फारसा ठाऊक नसतो. ब्रिटनमध्ये मात्र तो अद्याप बोलला जातो. अर्थ असा : डोके फिरलेला, तंद्रीत गेलेला, चक्रम. व्याकरणाच्या दृष्टीने पाहिले तर हे विशेषण नामाच्या आधी क्वचितच येते. ते बहुधा ‘होणे’ किंवा ‘जाणे’ या अर्थाच्या क्रियापदानंतर येते. म्हणजे ‘डूलॅली माणूस’ असे म्हणण्यापेक्षा ‘तो पार डूलॅली झाला’ असे म्हणण्याकडे कल असतो. यात एक सूक्ष्म अर्थ दडलेला आहे. हा जन्मजात दोष नव्हे. माणूस आधी ठीक होता आणि कशाने तरी त्याचे असे झाले, हे वाक्यरचनाच सुचविते. त्याचे कशाने असे झाले, हे कळण्यासाठी या शब्दाची जन्मकथा पाहावी लागते.

प्रथम ध्वनीचा विचार करू. ‘देवळाली’ म्हटल्याबरोबर मराठी कानाला देव आणि देऊळ आठवतात. इंग्रजीत ‘ळ’ हा वर्णच नाही, त्यामुळे त्याचा ‘ल’ झाला. स्थानकाच्या फलकावर आणि लष्करी कागदांवर गावाचे नाव ‘डी-ई-ओ’ या अक्षरांनी सुरू होणारे. ही अक्षरे साध्या शिपायाच्या जिभेवर ‘डू’ बनली. राहिले ‘डू-लॅ-ली’. या रूपात देऊळ उरले नाही. उरला तो बाळाला खेळविताना काढावा तसा एक निरर्थक, झोके घेणारा नाद. शब्दाचा अर्थ आणि नाद असे एकमेकांना धरून राहिले, म्हणूनच तो टिकला असावा.

मूळ प्रयोग मात्र एका शब्दाचा नव्हे, दोन शब्दांचा होता. पहिल्या महायुद्धानंतर १९२५ साली फ्रेझर आणि गिबन्स यांनी सैनिक व खलाशांच्या बोलीचा एक कोश प्रसिद्ध केला. त्यात ‘देवळाली टॅप’ अशी नोंद आहे. हा ‘टॅप’ म्हणजे नळाची तोटी नव्हे किंवा हलकी थापही नव्हे. तो हिंदुस्थानीतील ‘तप’, अर्थात आपला ‘ताप’ होय. ‘त्याला देवळालीचा ताप चढला आहे’ असे शिपाई एकमेकांना सांगत. पुढे मायदेशी परतल्यावर ‘ताप’ गळून पडला आणि एकट्या गावाच्या नावानेच सारा अर्थ पेलला.

मराठी वाचकाला यात एक वेगळाच आनंद मिळू शकतो. ‘ताप’ या शब्दाची आपल्याकडे केवढी तरी व्याप्ती आहे. तो अंगात भरतो, तो उन्हाचा असतो, तो आध्यात्मिक, आधिभौतिक आणि आधिदैविक असा त्रिविध असतो, आणि रोजच्या बोलण्यात तो ‘डोक्याला’ होतो. कटकट आणि ज्वर हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदतात. गोऱ्या शिपायाला ही व्याप्ती ठाऊक असण्याचे कारण नव्हते; परंतु त्याने बनविलेला शब्दप्रयोग आपल्या ‘डोक्याला ताप’च्या इतका जवळ जातो की, आपण तो अनुवादाशिवाय समजू शकतो.

आता हा ताप देवळालीतच का चढावा? कारण देवळाली हे ब्रिटिश फौजेचे थांबण्याचे ठिकाण होते. १८६५ साली थळ घाटातून रेल्वेगाड्या धावू लागल्या आणि मुंबई बंदर नाशिकच्या पठाराशी जोडले गेले. त्याच दशकात देवळालीत गोऱ्या पलटणींसाठी बराकी उभ्या राहिल्या. विलायतेहून आलेली नवी भरती मुंबईत उतरून येथे विसावा घेई आणि मग देशभर पांगे. उलट दिशेने, ज्यांच्या नोकरीची मुदत संपली अशा शिपायांना हिंदुस्थानच्या कानाकोपऱ्यातून गोळा करून येथे आणले जाई, आणि जहाज आले की मुंबईस पाठविले जाई. घाटमाथ्यावरची हवा मुंबईपेक्षा थंड आणि कोरडी, त्यामुळे जागेची निवड अगदी शहाणपणाची होती.

अडचण जागेची नव्हती, वेळापत्रकाची होती. फौजेची वाहतूक करणारी जहाजे बारमाही येत नसत. तांबड्या समुद्रातील उन्हाळा आणि अरबी समुद्रातील पावसाळा टाळून साधारण ऑक्टोबर ते मार्च एवढाच त्यांचा हंगाम असे. हंगामाचे शेवटचे जहाज सुटल्यावर एखादा शिपाई देवळालीत पोहोचला, तर त्याला पुढच्या हंगामापर्यंत, म्हणजे कित्येक महिने, तेथेच बसून राहावे लागे. नोकरी संपली, पण सुटका नाही. काम नाही, पण घरही नाही. मृगाचा पाऊस सुरू होतो, पत्र्यांवर तो महिनोन्‌महिने वाजतो, आणि माणूस खाटेवर पडून दिवस मोजतो, असे हे चित्र.

बराकीतील रिकामपण किती घातक असते, हे फार पूर्वीच सांगून झाले होते. हिंदुस्थानातील फौजेच्या आरोग्याची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाचा अहवाल १८६३ साली प्रसिद्ध झाला. त्यासाठी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी कागदपत्रांचा ढीग उपसून आपली निरीक्षणे लिहिली. शिपायाचा दिवस कसा जातो, याचे त्यांनी केलेले वर्णन उपरोधिक आणि तितकेच करुण आहे : थोडी कवायत, मग खाट, जेवण, पुन्हा खाट, आणि मधल्या वेळात दारू. सारी कामे नोकरांकरवी होतात आणि धडधाकट तरुण माणूस दिवसभर आडवा पडलेला असतो. आजाराचे एक कारण हे रिकामपणच आहे, असे त्यांचे म्हणणे होते. नोकरीत असलेल्या शिपायाची ही कथा. मग मुदत संपून जहाजाकडे डोळे लावून बसलेल्याची काय असेल?

याचे उत्तर एका साध्या शिपायाने लिहून ठेवले आहे. फ्रँक रिचर्ड्‌स हे रॉयल वेल्च फ्युझिलियर्स या पलटणीतील शिपाई विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हिंदुस्थान व ब्रह्मदेशात होते. पुढे महायुद्ध लढून परतल्यावर कवी रॉबर्ट ग्रेव्ह्‌ज यांच्या साहाय्याने त्यांनी आठवणी लिहिल्या. १९३६ सालच्या त्यांच्या ‘ओल्ड सोल्जर साहिब’ या पुस्तकात देवळालीचे वर्णन आहे. मुदत संपलेले शिपाई तेथे महिनोन्‌महिने अडकून पडत. वर्षानुवर्षे एकही ठपका नसलेली माणसे तेथे आल्यावर बिथरत, नियम मोडीत, शिक्षा ओढवून घेत. विचित्र वागणाऱ्या माणसाला ‘डूलॅली टॅप’ झाला असे म्हणण्याची रीत या छावणीच्या कंटाळ्यातूनच पडली असावी, असे रिचर्ड्‌स यांचे मत आहे. मूळ इंग्रजीत हा उतारा वाचावा. त्यात ना विनोदाचा आव आहे, ना गहिवर. पाहिलेले सांगणाऱ्या माणसाची कोरडी भाषा आहे, आणि म्हणूनच ती मनाला लागते.

या शब्दाची दुसरीही एक व्युत्पत्ती सांगितली जाते. देवळालीत लष्करी इस्पितळ होते, मनाचा तोल गेलेल्या शिपायांना मायदेशी धाडण्यापूर्वी तेथे ठेवीत, म्हणून गावाचे नाव वेडाला चिकटले, असा तिचा आशय. कोणी हिवतापाचा संबंध जोडतात. या कारणांनी एकमेकांना बळ दिले असणे शक्य आहे. तरीही कंटाळ्याचा धागा सर्वांत बळकट वाटतो. कारण तो छावणीच्या आयुष्याची माहिती असलेल्या माणसाने सांगितला आहे, आणि ‘होणे’ या क्रियापदाशी जुळणारा तोच आहे. माणूस देवळालीस वेडा म्हणून येत नसे. तेथे थांबून थांबून तो तसा होई.

साहित्यात हा शब्द कसा येतो? त्याची जागा निवेदनात फारशी नाही, ती संवादात आहे. गंभीर लेखक वैद्यकीय अर्थाने तो वापरणार नाही. पात्राच्या तोंडी तो येतो तेव्हा ते पात्र बहुधा ब्रिटिश, बरेचदा जुन्या पिढीचे, चहाच्या टेबलावर किंवा मद्यगृहात शेजाऱ्यापाजाऱ्यांविषयी बोलणारे असते. एका शब्दाने वय, वर्ग आणि घराण्यातील एखादा पलटणीत गेलेला पूर्वज सूचित होतो. त्याचा रोख थट्टेचा असतो, पण ती थट्टा सहसा विषारी नसते. बीबीसीवर १९७४ ते १९८१ या काळात गाजलेली एक विनोदी मालिका याच देवळालीतील तोफखान्याच्या तळावर बेतलेली होती. तिचे एक लेखक जिमी पेरी हे दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास खुद्द देवळालीत लष्करी करमणूक मंडळीत होते. पुढे याच मालिकेवर हिंदी माणसांच्या चित्रणावरून कडक टीका झाली, तीही ध्यानात घ्यावी. आणि काळाचा महिमा असा की, २००९ साली पुण्यात सुरू झालेल्या एका बिअरगृहाने ‘डूलॅली’ हेच नाव धारण केले. घरातून गेलेले मूल असे परके कपडे घालून परत आले.

मराठी अनुवादकाची मात्र हा शब्द परीक्षा पाहतो. ‘वेडा’ म्हणावे तर तो शब्द फार थोर आहे. आपल्याकडे पंढरीचे वेड असते, माया वेडी असते, ध्येयवेडा माणूस आदरास पात्र ठरतो. ‘भ्रमिष्ट’ म्हणावे तर ते फार गंभीर होते. ‘खुळा’ प्रेमळ आहे, पण तो जन्मजात भोळेपणाकडे झुकतो. ‘चक्रम’ जवळचा आहे, तरी त्यात स्वभावाचा भाग अधिक. ‘त्याचे डोके फिरले’ किंवा बोलीतील ‘तो सटकला’ हे प्रयोग सर्वांत जवळ जातात, कारण त्यांत आधी सरळ असलेले काही तरी नंतर बिघडल्याची जाणीव आहे. मात्र थांबून थांबून बिघडल्याची छटा यांपैकी एकाही शब्दात येत नाही. ती संदर्भातूनच उभी करावी लागते.

गावांच्या नावांवरून शब्द पाडण्याची इंग्रजीला जुनी हौस आहे. कोझिकोडवरून ‘कॅलिको’ हे कापड आले. मुंबईच्या डोंगरीवरून ‘डंगरी’ हा जाडाभरडा कपडा आला, असे कोशकार सांगतात. पण कापडाला नाव देणे वेगळे आणि मनाच्या अवस्थेला नाव देणे वेगळे. लंडनमधील बेथलेम या जुन्या वेड्यांच्या इस्पितळाच्या नावाचा अपभ्रंश होऊन ‘बेडलम’ झाले, आणि आज त्याचा अर्थ नुसता गोंगाट, गोंधळ असा उरला आहे. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’मध्ये एडगर जीव वाचविण्यासाठी बेडलमच्या वेड्या भिकाऱ्याचे सोंग घेतो, तेव्हा प्रेक्षकांना त्या नावामागची खरी जागा आणि खरी माणसे ठाऊक होती. आज ती कोणाला आठवत नाहीत.

इंग्रजीला नावे ठेवून आपली सुटका होणार नाही. पनवेलपासून ठाणे लांब नाही, आणि ‘याला ठाण्याला पाठवा’ हे वाक्य या परिसरात ऐकले नाही असा माणूस विरळा. पुण्याकडे त्या जागी ‘येरवडा’ येतो, उत्तरेत ‘आग्रा’ आणि ‘रांची’ येतात. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ सालापासून रुग्णांवर उपचार करीत आहे. आपण मात्र त्याच्या गावाचे नाव शिवीसारखे वापरतो. ज्या कुटुंबात एखाद्याला खरोखरच उपचारांची गरज असते, त्या कुटुंबाच्या पायात पहिली बेडी या वाक्याचीच पडते. ‘ठाण्याला नेले’ हे शेजाऱ्यांना कळू नये म्हणून माणसे वर्षानुवर्षे घरात ठेवली जातात, दुखणे चिघळते, आणि मग शेवटी नेले जाते ते फार उशिरा. अधिकृत भाषा मधल्या काळात बदलली. १९१२ सालच्या कायद्याच्या इंग्रजी नावात चंद्राच्या कलांशी नाते सांगणारा जुना ‘ल्युनसी’ हा शब्द होता. १९८७ सालच्या कायद्यात ‘मानसिक आरोग्य’ आले. २०१७ सालच्या कायद्याने रुग्णाच्या हक्कांची आणि प्रतिष्ठेची भाषा केली. कट्ट्यावरची भाषा मात्र १९१२च्या अलीकडे यायला तयार नाही.

येथेच ‘डूलॅली’ या शब्दाचे खरे मोल आहे. एका अर्थी तोही अशाच हिणकस थट्टेचा नमुना आहे. पण तो उकलून पाहिला तर त्याच्या पोटात एक निदान सापडते, आणि ते डॉक्टरांच्या आधी शिपायांनी केलेले आहे. तोफांच्या माऱ्याने खचलेल्या सैनिकांच्या अवस्थेला ‘शेल शॉक’ हे नाव १९१५ साली चार्ल्स मायर्स यांच्या लेखातून वैद्यकात रूढ झाले. नुसत्या थांबण्याने खचलेल्या माणसाला मात्र तसे भारदस्त नाव मिळाले नाही. त्याच्या वाट्याला आला तो बराकीतला एक विनोद. तरी त्या विनोदाने एवढे नोंदवून ठेवले की, काहीही न घडण्यानेसुद्धा माणूस मोडू शकतो. आणि मोडण्याचे कारण त्याच्या मेंदूत जितके असते तितकेच कोणाच्या तरी वेळापत्रकात असते.

हे सारे इतिहासजमा झाले आहे असे समजू नये. करोनाच्या साथीत २०२० साली देशोदेशींनी बंदरांत माणसे उतरविणे थांबविले, तेव्हा करार संपलेले खलाशी जहाजांवरच अडकून पडले. वर्षअखेरीस त्यांची जगभरातील संख्या सुमारे ४ लाख असल्याचा अंदाज आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने दिला होता. पनवेलच्या शेजारी उरण तालुक्यात न्हावा-शेवा बंदर आहे. रायगड आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावर बोटीवर नोकरी करणारा माणूस कित्येक घरांत सापडतो. नोकरी संपली, पण सुटका नाही. किनारा दिसतो, पण घर नाही. देवळालीच्या बराकीतील शिपायाला ही स्थिती ओळखायला क्षणभरही लागला नसता.

देवळालीच्या नशिबी मात्र एक विपर्यास आला. ज्या गावी मुंबईकर हवापालटासाठी जात आले, ज्याच्या लॅम रोडवर आरोग्यधामे आणि बंगले उभे राहिले, जेथे भारतीय लष्कराचे तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र आहे, त्या निरोगी हवेच्या गावाचे नाव इंग्रजीत डोके फिरण्याचे नाव ठरले. दोष गावाचा नव्हता, तेथल्या हवेचा तर नव्हताच. दोष होता तो माणसाला कामावर आणताना तत्पर असणाऱ्या आणि घरी पाठविताना विसराळू होणाऱ्या व्यवस्थेचा. एखाद्या इंग्रजी कादंबरीत हा शब्द भेटला तर वाचकांनी हसावे, कारण तो हसण्यासाठीच आलेला असतो. फक्त त्यामागे पत्र्यावरचा पाऊस ऐकत जहाजाची वाट पाहणारा एक माणूस आहे, एवढे ध्यानात असू द्यावे. आणि पुढच्या वेळी ‘याला ठाण्याला पाठवा’ हे शब्द ओठांवर आले, तर ते तेथेच थांबवावेत.